मसूर स्टेशन ते देहूरोड : बाबासाहेबांना घडवणारे अनुभव

दरवर्षी २५ डिसेंबरला मावळच्या वेशीवरील देहूरोडच्या धम्मभूमीवर आपण मोठ्या संख्येने जमतो. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांच्या हस्ते तिथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मावळातच, तळेगाव दाभाडे इथे त्यांचा बंगलाही होता. पण इथवर ते कोणत्या अनुभवांतून आले, हे आपण क्वचितच सलग पाहतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसत. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. घरी मात्र रामजी स्वतः अभ्यास घेत आणि पुस्तकांसाठी पदरमोड करत.

१९०१ च्या सुमारास भाऊ आणि भाच्यांसोबत ते वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. छान कपडे घातलेल्या या मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले त्यांना घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. जवळ डबा होता, पण वाटेत पाणी मिळाले नाही, म्हणून ती रात्र उपाशीच काढली.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हाच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. अपमानाच्या आठवणींइतकीच हीही आठवण त्यांना घडवणारी ठरली.

पुढे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन. परदेशात अस्पृश्यतेचा जवळजवळ विसर पडला. पण १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. एवढ्या पदव्या असूनही एक खोली मिळाली नाही. शिक्षणाने माणूस मोठा होतो, पण जात आपोआप जात नाही, हा धडा तिथे मिळाला.

तरुण मित्रांनो, अपमान तर त्या काळी लाखोंच्या वाट्याला आला. मग बाबासाहेब वेगळे कसे ठरले? १९३५ च्या आसपास त्यांनी हे प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लिखाणात नोंदवले. पण ते स्वतःवर थांबले नाहीत. काठेवाडातील एका शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने स्पर्शही केला नाही आणि ती दगावली, हा प्रसंगही त्यांनी आपल्या आठवणींशेजारी ठेवला. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, एकट्याचे दुःख त्यांनी व्यवस्थेचा पुरावा केले. शाळेतल्या तहानेचे उत्तर त्यांनी स्वतःपुरता पेला मिळवून दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे गाठून ते सर्वांसाठी दिले. आणि केळुसकर गुरुजींच्या पुस्तकाचे बीज देहूरोडला, पुढे १९५६ मध्ये नागपूरला फळाला आले.

आजही भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते. कॉलेजात सवलतीवरून टोमणे बसतात. आपले अनेक तरुण ते गिळून टाकतात आणि हळूहळू आपल्यातच काही कमी आहे असे मानू लागतात. म्हणून लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत प्रत्येक वस्तीत एक काम करूया. आपल्याला दुखावणारे आणि उभे करणारे, दोन्ही प्रसंग लिहून काढूया. हे आणखी कुणाच्या वाट्याला आले, हे एकमेकांना विचारूया. १९५४ चा तो दिवस लहानपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करूया, आणि तीही याच महिन्यात.

नमो बुद्धाय, जय भीम!