सुरतच्या एका विधवेसाठी बुलढाण्याच्या ताराबाईंनी अख्ख्या पुरुषजातीला जाब विचारला होता

साल होतं १८८१. सुरतमध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. आरोप होता स्वतःच्याच तान्ह्या बाळाला मारल्याचा. विधवेला मूल झालं हे कळलं तर चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती, त्या भीतीतून हे घडलं होतं.

पुढे अपिलात फाशी टळली. पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. एका विजयालक्ष्मीवरून सगळ्या बायकाच कशा बिघडल्यात, हे छापून यायला लागलं. 'पुणे वैभव' त्यात पुढे होतं. बाळाच्या बापाचं काय, हा प्रश्न या गदारोळात बाजूलाच पडला.

हे सगळं वाचून तिकडे बुलढाण्यात एक बाई भडकली. ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यातल्या मराठा घरात झाला. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुलेंच्या सत्यशोधक समाजाचे सभासदही. मुलीला शाळेत पाठवणं सोडाच, उंबऱ्याबाहेर पाठवायलाही लोक कचरायचे, तेव्हा बापूजींनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न करून तिला परक्या घरी धाडण्याऐवजी घरजावई आणला. पण म्हणून घरचे रीतिरिवाज सुटले नव्हते. आपण मराठ्यांच्या घरात कोंडलेल्या आहोत, हे ताराबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं.

तर १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं छोटंसं पुस्तक छापलं गेलं. नाव 'स्त्रीपुरुषतुलना', किंमत नऊ आणे, प्रती ५००.

पुस्तक छोटं, पण भाषा अशी की आजही वाचणारा दचकतो. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्यांनी घेतला आणि पुरुषांच्या पदरात टाकून दाखवला. बायको गेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेनेच जन्मभर का कुढायचं? सावित्रीने यमाच्या दारातून नवरा परत आणला, बायकोसाठी तिथवर गेलेला एक तरी नवरा दाखवा, असं त्यांचं आव्हान. शास्त्र लिहिणारे आणि पुराणातले देवही सुटले नाहीत. इंग्रजी बूट-पाटलोण घालून धर्माचा टेंभा मिरवणाऱ्या सुशिक्षितांची तर त्यांनी सालटीच काढली.

साहजिकच टीका झाली. फुले मात्र ठाम उभे राहिले. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीकाकारांनाच खडसावलं.

त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढची वर्षं त्यांनी बुलढाण्यातच काढली आणि १९१० च्या आसपास त्या गेल्या. टीकेने मन विटलं की घरच्या रामरगाड्यात लिहिणं मागे पडलं, याचा अंदाजच करायचा. ५०० प्रतींचं ते पुस्तकही विस्मरणात गेलं.

ते पुन्हा वाचकांपुढे आलं थेट १९७५ साली. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा छापलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलॉन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या ताराबाई परदेशातही वाचल्या जाऊ लागल्या.