न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

आपला समाज स्वतःच्या उंबरठ्यापलीकडे पाहत नाही, चार घरांनी मिळून सार्वजनिक कार्य करणे आपल्याला साधत नाही, असे वडीलधारी मंडळी वारंवार म्हणतात. हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी तरी केशवरावांचे चरित्र आठवावे.

त्यांचा जन्म १८६७ साली परभणीकडील पुरजळ गावी झाला. गुलबर्ग्यास वकिली करून ते हैदराबादेस आले व पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एवढ्यावर आयुष्य सुखाने गेले असते. परंतु निजामी राज्यात दरबार व न्यायालय यांची भाषा उर्दू. मराठी मुलांस मातृभाषेची शाळा हवी, तर ती लोकांनीच काढावयाची. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या शाळा केशवराव, वामन नाईक प्रभृतींच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघाल्या.

तथापि एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच मराठी व कन्नड श्रोत्यांनी हुर्यो उडविली. स्वभाषेपुरते एकत्र येणे आपणांस साधले होते. शेजाऱ्याच्या भाषेस व्यासपीठावर जागा देणे मात्र साधले नव्हते. एकट्यादुकट्याच्या स्वार्थाहून हा सामुदायिक स्वार्थ मला अधिक लज्जास्पद वाटतो. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगोलग आंध्र जनसंघ स्थापिला. माडपाटी हनुमंतरावांसारख्यांनी तो वाढविला आणि १९३० साली त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९३२ साली, केशवराव निवर्तले.