परतीचा गोळा

लायका १९५७ मध्ये अंतराळात गेली ती परत न येण्यासाठीच. तिच्या यानाला उतरण्याची सोय नव्हती. ती सोय केली सर्गेई कोरोलेव यांच्या चमूने.

कोरोलेव यांचा जन्म १९०७ चा, युक्रेनमधील झितोमिरचा. १९३८ मध्ये खोट्या आरोपांवरून अटक झाली आणि कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत त्यांचे दात स्कर्व्हीने पडले. सुटकेनंतर हाच माणूस सोव्हिएत रॉकेटांचा मुख्य रचनाकार झाला.

कक्षेतून परतणाऱ्या यानाला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरचा वेग हवेत जिरवावा लागतो. त्यासाठी निवडलेला आकार अगदी साधा होता: २.३ मीटर व्यासाचा गोळा, त्यावर उष्णतारोधक थर. जड सामान एका बाजूला ठेवले की तळाशी वजन असलेल्या बाहुलीसारखा तो आपोआप सावरतो. मात्र वेग झपाट्याने घटल्याने आतल्या जिवावर वजनाच्या आठपट भार येतो.

मे १९६० च्या चाचणीत यानाची दिशा चुकली आणि ते खाली येण्याऐवजी आणखी वर गेले. ऑगस्टमध्ये बेल्का व स्त्रेल्का या कुत्र्या, उंदीर आणि माश्या जिवंत परतल्या. डिसेंबरमध्ये प्चोल्का आणि मुश्का मात्र वाचल्या नाहीत. तरीही चारच महिन्यांनी गागारिन गेले आणि सुखरूप आले.

१४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान कोरोलेव वारले. तोवर गुप्त ठेवलेले त्यांचे नाव त्यानंतरच जाहीर झाले. २०१३ मध्ये बायॉन-एम मोहिमेतले उंदीर परतले, तेही अशाच गोळ्यातून.