बुडीत खात्यातील अंतराळयान

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अंतराळयानाविषयी लिहावे, याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना नवल वाटेल. पण ज्या गृहस्थांविषयी मी लिहिणार आहे, त्यांच्या आयुष्यात यानापेक्षा जमाखर्चाच्या वह्यांनीच अधिक उलथापालथ केली. ते म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी. अकाली बंद पडलेल्या विज्ञानमालिकांचा विषय निघाला की त्यांचे नाव पहिल्याने येते.

रॉडनबेरी यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२१ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे झाला. वडील लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरीला लागले आणि कुटुंब तिकडे गेले. पोरगाही कॉलेजात पोलीसशास्त्रच शिकला. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक बनून पॅसिफिक महासागराच्या आघाडीवर गेले. तेथील कामगिरीबद्दल त्यांना पदकेही मिळाली. युद्धानंतर ते पॅन अमेरिकन कंपनीत वैमानिक झाले. जून १९४७ मध्ये कराचीहून इस्तंबूलकडे निघालेले त्यांचे विमान इंजिनाला आग लागून सीरियाच्या वाळवंटात कोसळले. स्वतःच्या बरगड्या मोडलेल्या असताना रॉडनबेरींनी जळत्या विमानातून प्रवाशांना बाहेर ओढून काढले. मरण इतक्या जवळून पाहिलेल्या या माणसाने वर्षभरात उड्डाण सोडले आणि लेखक व्हायचे ठरवले.

पण लेखणीवर पोट भरेल कसे? १९४९ मध्ये तेही वडिलांप्रमाणे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिरले. तेथे वरिष्ठांची भाषणे लिहून देता देता ते दूरचित्रवाणीसाठी कथा विकू लागले आणि १९५६ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन पूर्णवेळ लेखक झाले. 'द लेफ्टनंट' ही त्यांनी स्वतः निर्माण केलेली पहिली मालिका १९६३ मध्ये आली. तीत त्यांनी वर्णद्वेषावर एक भाग तयार केला, तो एनबीसी वाहिनीने दाखवलाच नाही. मालिकाही एका वर्षात गुंडाळली गेली. वर्तमानकाळाबद्दल खरे बोलू देत नसतील, तर तेच भविष्यकाळात नेऊन बोलावे, ही युक्ती बहुधा त्यांना तेव्हाच सुचली असावी.

'स्टार ट्रेक'चा आराखडा त्यांनी १९६४ मध्ये मांडला. विनोदी नटी ल्यूसील बॉल यांच्या देसीलू कंपनीने तो उचलला. पहिला नमुना-भाग डोक्याला फार ताण देणारा आहे म्हणून एनबीसीने नापसंत केला, पण दुसरा करायला सांगितला. अखेर ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. 'एंटरप्राइज' नावाच्या यानावर एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती, जपानी वंशाचा सुकाणूधारी होता आणि दुसऱ्या वर्षी, ऐन शीतयुद्धात, एक रशियन तरुणही आला. अमेरिकेत रंगावरून दंगली उसळत असताना ही मंडळी एकाच खोलीत बसून कामे करीत होती, याची आज आपल्याला कल्पनाही येणार नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. पहिल्या वर्षी एका भागाला सुमारे १,९०,००० डॉलर खर्च येई. वाहिनी त्यासाठी जे पैसे देई, ते खर्चापेक्षा कमी असत. तूट निर्मात्या कंपनीने सोसायची आणि पुढे तेच भाग गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकून ती भरून काढायची, अशी त्या धंद्याची रीत होती. मालिका चालू ठेवायची की नाही हे मात्र वाहिनी ठरवी, आणि तेही नील्सन कंपनीच्या मोजणीवरून. ही कंपनी सुमारे बाराशे घरांत यंत्रे बसवून साऱ्या देशाचा अंदाज बांधी. किती घरांत संच चालू आहे हे यंत्राला कळे. समोर बसलेला माणूस किती जीव लावून पाहतो आहे, हे कळत नसे.

दुसऱ्या वर्षी मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. जॉन आणि बीजो ट्रिंबल या रसिक दांपत्याने पत्रमोहीम सुरू केली, आणि पडद्याआडून रॉडनबेरींचीही तिला साथ होती. वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रे आली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी तर मशाली घेऊन वाहिनीच्या दारावर मोर्चा नेला! १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याचे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले.

पण हा विजय लंगडा ठरला. सोमवारची चांगली वेळ मिळणार होती. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री दहाची मिळाली, जेव्हा मालिकेचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असे. रॉडनबेरींनी रागावून दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. खर्चालाही कात्री लागली. भाग उतरत्या दर्जाचे होऊ लागले आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग लागला. त्यानंतर अवघ्या ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला.

पुढची दहा वर्षे त्यांनी कशी काढली? नव्या मालिकांचे चार नमुने केले, एकही पुढे सरकला नाही. कॉलेजांतून व्याख्याने देऊन त्यांनी प्रपंच चालवला. देसीलूची नवी मालकीण पॅरामाउंट कंपनी 'स्टार ट्रेक'ला तोट्याचा माल समजत होती. दीड लाख डॉलरला सारे हक्क घ्या, असे तिने रॉडनबेरींनाच सुचवले. त्यांच्याजवळ तेवढी रक्कम नव्हती. एका भागाच्या खर्चापेक्षाही कमी किमतीत सगळे दालन विकायला निघाले होते आणि निर्मात्याला ते परवडत नव्हते!

येथे मला एक हिशेब मांडावासा वाटतो. पहिल्या दोन वर्षांचे भाग ५५. स्थानिक केंद्राने आठवड्यातून पाच दिवस रोज एक दाखवला, तर ११ आठवड्यांत माल संपतो. विद्यार्थ्यांच्या पत्रांमुळे आणखी २४ भाग झाले. एकूण ७९, म्हणजे जवळजवळ १६ आठवडे. रोज दाखवता येईल एवढा साठा आता हाताशी होता. समीक्षकांनी नावे ठेवलेल्या तिसऱ्या वर्षानेच मालिका विकण्याजोगी केली. केंद्रांनी ती संध्याकाळी, मुले शाळा-कॉलेजातून घरी येण्याच्या वेळी लावली आणि बंद पडलेली मालिका चालू असतानापेक्षा अधिक लोक पाहू लागले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला रसिकांचे संमेलन भरले, त्याला अपेक्षेच्या कित्येक पट गर्दी लोटली. १९७६ मध्ये पुन्हा पत्रांचा पाऊस पडून अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले.

१९७९ मध्ये चित्रपट आला. त्यात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी मुंडण करून महत्त्वाची भूमिका केली. पैसा भरपूर आला, पण खर्च आटोक्याबाहेर गेल्याचा ठपका ठेवून पुढील चित्रपटांची सूत्रे रॉडनबेरींकडून काढून घेण्यात आली. १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका आली, तेव्हा पॅरामाउंटने मोठ्या वाहिन्यांना वगळून ती थेट स्थानिक केंद्रांना विकली. ती सात वर्षे चालली. तिची पाचवी मालिका-वर्षे सुरू असतानाच, २४ ऑक्टोबर १९९१ रोजी रॉडनबेरी निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांच्या रक्षेचा अंश 'कोलंबिया' यानातून अंतराळात नेण्यात आला.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याची माझी इच्छा नाही. जीन कून, डी. सी. फॉन्टाना या सहकारी लेखकांचे श्रेय त्यांच्या नावाखाली बरेचसे झाकले गेले. मालिकेच्या शीर्षकसंगीतावर कधीही न गायलेले शब्द लिहून त्यांनी संगीतकाराच्या मानधनातला निम्मा वाटा स्वतःकडे घेतला. हिशेबाने पोळलेला माणूस हिशेबात दयाळू होतोच असे नाही.

एनबीसीच्या अधिकाऱ्यांनाही मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जे आकडे होते, त्यांवरून दुसरा कोणी वेगळा निर्णय घेता ना. पण त्या वहीत चालू वर्षाची विक्री होती, आणि कॅलटेकच्या मुलांच्या मशालींना कोणतेच खाते नव्हते. आम्हांला ख्यातीचे मूल्यांकन शिकवतात, त्यात मागील वर्षांच्या नफ्याची सरासरी काढतात. ज्या धंद्याला मागे नफाच नाही, त्याची ख्याती त्या रीतीने शून्य येते. 'स्टार ट्रेक'ची १९६९ मध्ये तशीच आली होती. उद्या आपल्यापैकी कोणी अशा खुर्चीवर बसून एखाद्या कामापुढे बुडीत असा शेरा मारील, तेव्हा त्याने टपालाची थैलीही एकदा उघडून पाहावी.