ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल होते. त्यामुळे आखाड्याची तांबडी माती मुलाच्या अंगाला लवकर लागली. खाशाबा देहाने लहानखुरे, परंतु विलक्षण चपळ होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर झुंजावे लागले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी खरी अडचण पैशांची होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदकाची कोणतीही शाश्वती नसताना एका शिक्षकाने माजी विद्यार्थ्यासाठी स्वतःचे छप्पर पणाला लावावे, ही गोष्ट पदकाइतकीच मोठी म्हटली पाहिजे.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली. तीत त्यांचा पराभव झाला. थकलेल्या अवस्थेत, पुरेशी विश्रांती न मिळता, त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. त्यांची बाजू मांडण्यास तेथे कोणी भारतीय अधिकारी नव्हता. ही कुस्तीही हातची गेली. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना कऱ्हाडहून गावी घेऊन गेली. सत्कार संपताच खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः कुस्त्या जिंकल्या आणि त्या पैशातून गुरूंचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पुढील वर्षीचे ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीमुळे हुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वैयक्तिक पदकासाठी भारताला त्यांच्यानंतर तब्बल ४४ वर्षे, म्हणजे १९९६ सालच्या लिअँडर पेस यांच्या यशापर्यंत, वाट पाहावी लागली. शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.