कोडीतचे अत्रे आणि पहिलं सुवर्णपदक

आचार्य अत्रे म्हटलं की विनोद आणि संयुक्त महाराष्ट्राची लढाई आठवते. हा माणूस पुरंदर तालुक्यातल्या कोडीत खुर्दचा. जन्म १३ ऑगस्ट १८९८. शिक्षक, नाटककार, संपादक झाले, सिनेमाही काढले. साने गुरुजींच्या पुस्तकावरून १९५३ साली त्यांनी ‘श्यामची आई’ काढला. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटानं आणलं. पुढल्या वर्षी ‘महात्मा फुले’ला रौप्यपदक मिळालं. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. कर्ज झालं की घरचं माणूस गावात तोंड लपवतं. अत्र्यांनी अशाच कर्जबाजारी घरातली आई देशापुढं मांडली आणि तिचाच मान झाला.