फ्लॉरेन्स नाइटिंगेल : बरं आहे म्हणजे नेमकं काय?



१२ मे हा जागतिक परिचारिका दिन, म्हणजेच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. हातात दिवा घेतलेली बाई, एवढीच त्यांची ओळख आपण मुलांना करून देतो. त्यांच्या हातातली वही मात्र सांगायची राहून जाते.

१८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरंदाज मुलीने रुग्णसेवा करायची नाही, असा तो काळ. घरच्यांचा विरोध सोसून १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीत जाऊन हे शिक्षण घेतलं. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक मरत होते. पुढे सरकारी आयोगाने गटारं साफ करवली, हवा खेळती केली आणि मृत्यू घटले. हे आकडे आकृतीत मांडून नाइटिंगेलबाईंनी सरकारला पटवून दिले.

१८५५ मध्ये त्यांना स्वतःलाच जबर ताप आला. त्यातून त्या वाचल्या, पण दुखणं पूर्ण गेलं नाही. धाप लागायची, छातीत धडधडायचं. कित्येक वर्षं त्यांनी अंथरुणावरूनच काम केलं. बरं होणाऱ्या माणसाची अवस्था त्यांना आतून कळली होती.

१८५९ मध्ये त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक लिहिलं, तेही घरी आजाऱ्याचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी. त्यात निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. रुग्णाला बरं वाटतंय का, असं विचारून काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. झोप लागली का, असं विचारू नका. किती तास लागली, कोणत्या वेळी लागली, हे विचारा. मत नको, माहिती हवी.

आजची परिचारिका हेच करते. दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका किती, हे ती रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूची सवय, घराण्यातला आजार यांवरून पाहते. पण घरी गेल्यावर पाहणारे आपणच! आजोबा तर नेहमीच सांगणार, मी ठणठणीत आहे. म्हणून तुम्ही पाहा : पायांवर सूज आहे का? काल एका उशीवर झोपणारे आज तीन उशा मागतात का? जिना चढताना कितव्या पायरीला थांबतात? वजन दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं का? रोज वहीत लिहा आणि काही बदल दिसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. १९१० साली, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

आपणही वर्गात विचारतो, समजलं का? सगळी मुलं एका सुरात हो म्हणतात. त्या होकारातून आपल्याला नेमकं काय कळतं, याचा विचार जरूर करा.